पद्मिनीच्या बॉनेटखाली वालचंदशेठ

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर प्रोजेक्टच्या चर्चेत हा विषय एकदा तरी निघतोच. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असते. चोक ओढून ओढून हात दुखतो, सिग्नलला बंद पडते, पेट्रोल पिते. मग कुणीतरी म्हणतं, कार्बोरेटर काढू आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवू. ईएफआय! यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले जातात, परदेशी किटची किंमत बघून डोळे पांढरे होतात आणि विषय तिथेच थांबतो.

थांबवू नका. पण पान्हा हातात घेण्याआधी ही गाडी ज्यांच्या कारखान्यात तयार झाली, त्या माणसाची गोष्ट वाचा. वालचंद हिराचंद. नाव ऐकलेलं असतं, सांगलीच्या किंवा सोलापूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजमुळे, नाहीतर वालचंदनगरमुळे. माणूस मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो. आणि तुमच्या प्रोजेक्टमधला जो सगळ्यात अवघड प्रश्न आहे, तो या माणसाने आयुष्यभर सोडवला. बाहेरून आणून जोडायचं, की इथे घडवायचं?

आधी कार्बोरेटर समजून घ्या

इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा. हे प्रमाण कुणीतरी सांभाळायला हवं. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला आणि पुढची जवळपास शंभर वर्षं जगाच्या गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. नळी मध्येच अरुंद केली की तिथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि कमी दाबामुळे जेटमधून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. ना बॅटरी, ना वायर. हुशारी सगळी धातूच्या आकारात.

अडचण अशी, की आकार एकदा घडला की बदलत नाही. सकाळचा गारवा, मे महिन्यातलं ऊन, खंडाळ्याची चढण, सगळ्याला तोच जेट. म्हणून तर थंड इंजिनाला चोक लागतो, आणि म्हणून तर उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की जुने टॅक्सीवाले पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायचे. ईएफआयमध्ये हेच काम सेन्सर आणि एक छोटा संगणक करतो. हवेचा दाब किती, तापमान किती, थ्रॉटल किती उघडा, इंजिनाचे फेरे किती, हे मोजून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते तो ठरवतो. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो, जास्त झालं की कमी पडलं.

म्हणजे काम तेच, फक्त निर्णय धातूकडून सॉफ्टवेअरकडे गेला. हे डोक्यात ठेवा आणि आता सोलापूरला चला.

सोलापूरचा मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात. वडील हिराचंद नेमचंद दोशी, कापूस आणि सावकारीचा व्यवसाय. आई वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच गेली. शाळा सोलापुरात, कॉलेज मुंबईला आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पदवी काही पुरी झाली नाही. घरच्या धंद्यात बसले, पण पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचा जीव रमेना.

तेव्हा त्यांना लक्ष्मण बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले, कामाची माहिती पक्की, खिशात पैसा नाही. वालचंदांकडे घरचा पैसा होता, कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. आजच्या भाषेत याला स्टार्टअप म्हणाल. तुमच्या ग्रुपमध्येही एकाला वेल्डिंग येतं आणि दुसऱ्याच्या बाबांचं गॅरेज असतं, तसंच हे.

पुढे ही कंत्राटं वाढत गेली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांची कंपनी टाटांच्या बांधकाम कंपनीत सामील झाली आणि त्या कंपनीने बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम केलं. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत असं करत तुम्ही पुण्याला जाता ना, कर्जतनंतर गाडी घाट चढायला लागते आणि मोबाइलची रेंज जाते, तोच हा घाट. मुंबईला तानसाचं पाणी आणणाऱ्या जलवाहिनीच्या कामातही वालचंद होते. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू केली. कोयना धरण बांधणारी ती हीच.

एक गोष्ट इथे सरळ सांगायला हवी. हे सगळं काम इंग्रज सरकारचं किंवा इंग्रजी रेल्वे कंपन्यांचं होतं. वालचंद काही सरकारला पाठ दाखवून बसलेले नव्हते. ते धंदा करत होते, नफा कमवत होते आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात येत होतं, की बोगदा आपण खणतो, पण त्यातून जाणारं इंजिन मात्र विलायतेहून येतं.

जहाज, विमान आणि बंद दारं

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांचं एक जहाज विकायला निघालं. लॉयल्टी त्याचं नाव, युद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, स्वतः वालचंद त्यात होते. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे, तो या सफरीमुळे.

वाचायला भारी वाटतं, पण जहाज तोट्यात गेलं आणि काही वर्षांत भंगारातही गेलं. समुद्रावर इंग्रजी कंपन्यांचा ताबा होता. त्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले, नव्या कंपनीला माल मिळू नये असा प्रयत्न केला. शेवटी १९२३ मध्ये सिंदियाला करार करावा लागला. आपल्याच किनाऱ्यावर आपली जहाजं किती चालवायची, याची मर्यादा त्यात घातलेली होती. वालचंदांना तो करार टोचत राहिला. पण कंपनी जगली, आणि पुढे तिनेच विशाखापट्टणमला गोदी बांधायला घेतली. २१ जून १९४१ ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी बाँब विशाखापट्टणमवर पडले. तरीही १४ मार्च १९४८ ला तिथून जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं, पंडित नेहरूंच्या हस्ते.

मधल्या काळात विमानही झालं. १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात वालचंदांना विल्यम पॉले नावाचे अमेरिकी गृहस्थ भेटले. पॉले चीनमध्ये विमानं जुळवत होते. विमानात शेजारी बसलेल्या माणसाशी आपण काय बोलतो? वालचंदांनी विमानाचा कारखाना ठरवला. २३ डिसेंबर १९४० ला म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. जपान युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना स्वतःच्या हाती घेतला. आज आपण जिला एचएएल म्हणतो, तिची सुरुवात ही.

हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. विमान बनवायचं वालचंदांना येत नव्हतं. जहाजही नाही. प्रत्येक वेळी बाहेरचा जाणकार भागीदार घेतला, यंत्रं बाहेरून आणली, पहिली वस्तू बाहेरच्या सुट्या भागांतून जुळवली. जुळवण्याची त्यांना लाज नव्हती. पण तिथे थांबायचं नाही, हे मात्र पक्कं ठरलेलं होतं.

मोटार

मोटारीची कल्पना मूळची सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. हे पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे माजी विद्यार्थी, तुमचे सीनिअरच म्हणा. १९३५ च्या सुमारास त्यांनी युरोप-अमेरिकेत फिरून मोटार कारखान्याची योजना आखली. वालचंद त्यात उतरले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि त्याने या योजनेला पाठिंबा द्यायची तयारी दाखवली. वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डबरोबर जमलं नाही. क्रायस्लरबरोबर जमलं.

आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. १९३९ मध्ये प्रांतातल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, पाठिंबा गेला. दिल्लीतल्या इंग्रज सरकारने सांगितलं, मोटार कारखाना युद्धकार्यात बसत नाही. म्हणजे यंत्रं आणायला परकीय चलन नाही, परवाना नाही. गंमत बघा, त्याच वेळी सैन्याला हजारो ट्रक लागत होते आणि ते परदेशातून येत होते. हिंदुस्तानात गाड्या जुळवल्या जात नव्हत्या असंही नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. फोर्डही इथे होती. खोक्यांतून सुटे भाग यायचे, इथले कामगार बोल्ट आवळायचे, गाडी बाहेर. या पद्धतीत तुम्ही पन्नास वर्षं बोल्ट आवळले, तरी पिस्टन कसा ओततात ते कळत नाही.

वालचंद थांबले, पण सोडलं नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लर घराण्याच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ. सुरुवात खोक्यांतल्या सुट्या भागांपासूनच झाली. पण बेत असा, की दर वर्षी काही भाग इथे बनवायचे आणि खोकं हलकं करत जायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. एका मोटारीत हजारो भाग असतात. रेडिएटर हवा, बॅटरी हवी, स्प्रिंग हवी, स्पार्क प्लग हवा, आणि कार्बोरेटर हवा. कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडावं लागतं. हे सगळं एक कारखाना करू शकत नाही. त्याच्याभोवती शेकडो छोटे कारखाने लागतात. ओतकाम करणारे, लेथवाले, रबरवाले, गेज तपासणारे. वालचंदांना मोटारीचा कारखाना हवा होता तो याच्यासाठीही. मोटार आली की तिच्यामागे हे सगळे येतात.

१९५० च्या आसपास प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. अमेरिकी गाड्या मोठ्या आणि महाग होत्या. आपल्या रस्त्यांना आणि खिशांना छोटी गाडी हवी होती. पण ती धावताना वालचंदांना फार बघता आली नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना कामातून बाजूला व्हावं लागलं. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. वय ७० वर्षं.

त्याच १९५३ मध्ये सरकारच्या टॅरिफ कमिशनने एक निर्णायक शिफारस केली. ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या देशात मोटारी काढाव्यात. नुसते जुळवणारे नकोत. वर्षभरात जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले जुळवणीचे कारखाने बंद केले. वालचंद ज्या मुद्द्यासाठी पंधरा-वीस वर्षं भांडले, तो देशाचं धोरण झाला. बघायला ते नव्हते.

मग पद्मिनीचं काय झालं?

१९६४ पासून फियाट ११०० डिलाइट कुर्ल्याला बनू लागली. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, साधारण ४० अश्वशक्ती, वर सोलेक्सचा कार्बोरेटर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असं समीकरणच झालं. कल्याण-शीळ रस्त्यावरही प्रीमियरचा कारखाना होता. अंबरनाथहून काटई नाक्याला गेलात की हाच रस्ता लागतो. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली चूल प्रीमियरच्या पगारावर पेटली. तुमच्या बिल्डिंगमध्ये विचारून बघा, कुणीतरी काका-आजोबा सापडतील.

पण इथे गोष्ट वाकडी होते. परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. जे बनतं ते विकलंच जातं, मग बदलायचं कशाला? १९८३ मध्ये मारुती आली. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम आले आणि गाड्यांच्या मागे एमपीएफआय ही अक्षरं झळकू लागली. पद्मिनीचं उत्पादन त्याच सुमारास संपलं, कार्बोरेटरसकट. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

म्हणजे जो कारखाना इथे घडवायचं या हट्टातून उभा राहिला, त्याने घडवायला शिकून घेतलं आणि मग तेच घडवत राहिला. वालचंदांच्या आयुष्यातला पहिला धडा त्याने गिरवला, दुसरा गिरवला नाही. ते स्वतः रेल्वेकडून जहाजाकडे, जहाजाकडून विमानाकडे, विमानाकडून मोटारीकडे गेले होते. कारखाना तीस-पस्तीस वर्षं त्याच इंजिनावर बसून राहिला. यात सरकारचे नियमही आले आणि कंपनीची सुस्तीही आली. दोष कुणाचा किती, यावर तुम्ही कॅन्टीनमध्ये वाद घाला. पण तुम्ही आज पद्मिनीला ईएफआय लावायला निघाला आहात, ते काम कारखान्याचं राहून गेलेलं काम आहे.

आता तुमचा प्रोजेक्ट

वालचंदांच्या जोडीदाराबद्दलची एक माहिती इथे उपयोगी पडेल. १९५८ मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने बेंडिक्सची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आपल्या काही गाड्यांत दिली. क्रायस्लर, डॉज, डिसोटो, प्लिमथ. यातली बरीच नावं कुर्ल्यात जुळलेली! अशा गाड्या जेमतेम पस्तीस निघाल्या. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाच्या उष्णतेत टिकले नाहीत आणि बहुतेक गाड्यांत इंजेक्शन काढून पुन्हा कार्बोरेटर बसवावे लागले. जगातली सुरुवातीची ही अदलाबदल उलटी झालेली आहे. पुढे बेंडिक्सचे पेटंट हक्क बॉशने वापरले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत ही यंत्रणा नीट चालवून दाखवली. कल्पना बरोबर असून भागत नाही, भाग टिकायला लागतात.

तेव्हा भागांपासून सुरू करा. आधी गणित. पद्मिनीचं इंजिन ४० अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे ३० किलोवॉट. पूर्ण ताकदीला असं इंजिन दर किलोवॉटला तासाला अंदाजे ३०० ग्रॅम पेट्रोल घेतं. म्हणजे तासाला ९ किलो, साधारण १२ लिटर. मिनिटाला २०० मिलिलिटर. चार इंजेक्टर लावले तर प्रत्येकी ५०. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांत काम भागायला हवं, म्हणून मिनिटाला ६५ मिलिलिटरच्या आसपासचा इंजेक्टर पुरतो. हे आकडे मोटारसायकलच्या जगातले आहेत! १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं आणि जवळपास सगळ्या नव्या बाइकवर इंजेक्शन आलं. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, सगळं आता स्पेअरच्या दुकानात मिळतं. परदेशी किटशिवाय हे काम होत नाही, हा समज इथेच मोडतो.

दोन रस्ते आहेत. कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी बसवायची आणि तिथूनच पेट्रोल उडवायचं, हा सोपा रस्ता. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा इंजेक्टर, हा अवघड. पहिल्या प्रयत्नाला सोपा घ्या.

मग पंप. पद्मिनीचा मूळ पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि जेमतेम पाव बार दाब देतो. इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतो, म्हणजे दहा-बारा पट. म्हणून विजेवर चालणारा पंप, प्रेशर रेग्युलेटर, फिल्टर आणि टाकीत जादा पेट्रोल परत नेणारी दुसरी नळी. जुनी रबरी नळी ठेवलीत तर ती फुटून गरम इंजिनावर पेट्रोल उडेल. यात काटकसर करू नका. जास्त दाबासाठीच बनवलेली नळी आणि क्लिप वापरा, आणि इंजिन थांबलं की पंपही थांबेल असा रिले लावा. गाडी फार जुनी असेल आणि डायनॅमो असेल, तर आधी अल्टरनेटर बसवा. पंप, इंजेक्टर आणि संगणक यांची भूक डायनॅमोला झेपणार नाही.

इंजिनाचे फेरे मोजायला क्रँकच्या पुलीवर दातेरी चकती लागते. ६० दात्यांची, दोन दाते गाळलेली ही चकती नेहमी वापरतात. ही विकत शोधू नका. स्वतः ड्रॉइंग काढा आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत लेझर कटिंग करणाऱ्याकडे जा. थ्रॉटल बॉडीखालचा ॲल्युमिनियमचा फ्लँज लेथ आणि मिलिंगवर बनवून घ्या. दोन दिवस त्या शॉपमध्ये बसा, कारागिराला काका म्हणा, चहा पाजा, तो गास्केटच्या जागेबद्दल जे सांगेल ते कुठल्याही व्हिडिओत नसतं. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असलेलं हे गाव आहे. मोजून धातू कापणारे हात इथे कमी नाहीत.

शेवटचं आणि सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे मॅप. कुठल्या फेऱ्याला, कुठल्या दाबाला किती पेट्रोल, याचा तक्ता. हा तुमच्याच इंजिनावर, तुमच्याच रस्त्यावर भरावा लागतो. दुसऱ्याचा तक्ता उचलून टाकलात तर गाडी चालेलही, पण तुम्ही फक्त खोकं उघडलं असं होईल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या जेटला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सरला ते कळतं. हा फरक प्रत्यक्ष मोजून अहवालात मांडलात, तर परीक्षकसुद्धा खुर्चीत सरसावून बसतील.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून आधी कल्याणच्या आरटीओत जाऊन लेखी विचारा. दुसरं, ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. आजोबांची गाडी त्यातली असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी घरात नीट चर्चा करा. काही गाड्या जशा आहेत तशाच राहाव्यात. प्रयोगाला भंगारात निघालेलं एखादं सुटं इंजिन स्टँडवर लावलं तरी शिकायला तेवढंच मिळतं.

आणि गाडीवरच काम करायचं ठरलं, तर नवं छिद्र शक्यतो पाडू नका, बॉडी कापू नका. काढलेला कार्बोरेटर रॉकेलने स्वच्छ करा, जेट, फ्लोट, स्क्रू मोजून वहीत लिहा, तेल लावून डब्यात भरा आणि डब्यावर गाडीचा नंबर टाका. १९५८ च्या त्या अमेरिकी गाड्यांना परत फिरावं लागलं होतं. तुमच्यावर ती वेळ आली, तर तासाभरात परत फिरता यायला हवं.